देणाऱ्याची ओळख



शिक्षणसंस्था चालवायची म्हणजे पैसा लागतो, हे आपणांस मी सांगायला नको. शाळेच्या छपरावरची कौले असोत, महाविद्यालयाची प्रयोगशाळा असो की विद्यापीठाचे ग्रंथालय असो, अनुदान कोठेतरी अपुरे पडते आणि मग मंडळाच्या सभेत कोणीतरी म्हणतो, "चला, एखादा मोठा देणगीदार गाठू." आज मला बोलायचे आहे ते या गाठण्याविषयीच. मोठी देणगी देऊ शकेल असा माणूस शोधावा कसा, त्याची माहिती ठेवावी कशी आणि त्याच्याशी संबंध राखावा कसा, हा आजचा विषय.

परदेशांतल्या मोठ्या विद्यापीठांत या कामाला पगारी माणसे असतात, स्वतंत्र कचेरी असते. आपल्याकडे हे काम बहुधा अध्यक्षांच्या ओळखीवर आणि चिटणिसांच्या पायपिटीवर चालते. त्यात साध्या शिक्षकाचा वाटा किती मोठा असू शकतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते. ते कसे आले, ती हकीकत आधी सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागात नवे महाविद्यालय निघाले होते आणि विज्ञानशाखेची इमारत बांधायची होती. मी गावच्या हायस्कुलात शिक्षक होतो आणि संस्थेच्या मंडळावर शिक्षकांच्या वतीने बसत होतो. जिल्ह्याच्या गावी एक मोठे व्यापारी होते. त्यांची पेढी होती, तेलाची गिरणी होती. माणूस पैसेवाला आहे, एवढीच आमची माहिती. आम्ही चौघे गेलो. अध्यक्षांनी बैठकीवर नकाशा उलगडला, आकडे सांगितले आणि म्हणाले, "शेठजी, पाच लाखांचा शब्द द्या. इमारतीला आपलं नाव देऊ." शेठजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. चहा दिला. मग दिवाणजींना हाक मारून एक हजार एक रुपये द्यायला सांगितले. "योजना चांगली आहे," एवढे म्हणाले आणि उठले.

दिवाणजी आमच्यामागून पायऱ्यांपर्यंत आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, रागावू नका, पण तुम्ही तरी दोन शब्द बोलायचे होते. शेठजींची थोरली लेक तुमच्याच शाळेत होती. आजोळी राहून शिकली. चार महिने झाले तिला जाऊन. शाळेची माणसं आलीत म्हटल्यावर शेठजींना वाटलं, तुम्ही त्यासाठीच आलात."

श्रोते हो, ती मुलगी माझ्या वर्गात होती. दहावीपर्यंत मी तिला मराठी शिकवले होते. तिच्या वडिलांचे पूर्ण नाव, त्यांचे गाव, सारे शाळेच्या जनरल रजिस्टरात लिहिलेले होते आणि ते रजिस्टर माझ्याच कपाटात होते. आडनाव आमच्याकडे घरोघर आढळणारे. म्हणून मी कधी दुवा जोडलाच नाही. आम्ही त्या माणसाच्या तिजोरीचा अंदाज बांधून गेलो होतो. माणसाची चौकशी केलीच नव्हती.

परतीच्या एस. टी.त कोणी कोणाशी बोलले नाही. पाच लाख मिळाले नाहीत याचे दुःख होतेच. पण एका बापाच्या दाराशी जाऊन आपण त्याला दुखवून आलो, ही गोष्ट मला अधिक लागली. त्या दिवसापासून मी या विषयाचा विचार करू लागलो.

विचार करू लागलो तेव्हा पहिले नाव आठवले ते अण्णासाहेब कर्व्यांचे. महर्षी कर्वे म्हणजे आपल्याकडील देणगी मागणाऱ्यांचे आद्य गुरू म्हणावेत. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो पुण्याजवळ हिंगण्यास नेला. फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे तास संपवून ते हिंगण्याची वाट पायी तुडवीत. पुढे जपानातल्या टोकियो येथील महिला विद्यापीठाची माहिती देणारे एक पुस्तक त्यांच्या हाती आले. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष असताना त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते विद्यापीठ सुरूही केले. कॉलेजच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच.

आणि १९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले. आपल्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. म्हणूनच ते आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ या नावाने ओळखले जाते.

हे ऐकून आपणांस वाटेल, नशीब! एक धनिक भेटला आणि काम झाले. पण जरा मागे जाऊन पाहा. विठ्ठलदास हे नुसते श्रीमंत गृहस्थ नव्हते. सार्वजनिक कामाची त्यांना ओढ होती. शेतकऱ्यांना कर्जे मिळावीत म्हणून १९११ साली मुंबईत जी मध्यवर्ती सहकारी बँक निघाली, तिच्या संस्थापकांत लल्लूभाई सामळदासांबरोबर तेही होते. जपानच्या प्रवासात त्यांनी तेथील महिला विद्यापीठ स्वतः पाहिले होते. म्हणजे कर्व्यांनी जे पुस्तकात वाचले, ते विठ्ठलदासांनी डोळ्यांनी पाहिले. दोघांच्या मनात एकच चित्र होते. शिवाय मागणाऱ्याच्या पाठीशी चोवीस वर्षांचे काम उभे होते. देणाऱ्याची ऐपत, त्याच्या मनाची ओढ आणि मागणाऱ्यावरचा विश्वास, या तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा पंधरा लाखांचा शब्द निघाला. नुसत्या ऐपतीकडे पाहायचे, तर मुंबईत त्या काळी गिरणीमालक काही थोडे नव्हते.

तेव्हा देणगीदार शोधायचा म्हणजे तीन प्रश्न विचारायचे. त्याची ऐपत किती? आपल्या कामाची त्याला ओढ आहे का? आणि त्याची आपली ओळख कोणामार्फत आहे? यांत मी चौथा प्रश्न जोडीन. ही वेळ योग्य आहे का? घरात लग्न निघाले आहे, धंद्यात खोट आली आहे, नुकतेच कोणी गेले आहे, अशा वेळी मागणे म्हणजे पिकात गुरे सोडण्यासारखे आहे. आम्ही तेच केले होते.

आता ही माहिती मिळवायची कोठून? यासाठी गुप्तहेर व्हावे लागत नाही. पुष्कळशी माहिती उघड्यावर असते. आपण तिच्यावरून रोज चालत जातो. शब्दशः चालत जातो! गावच्या देवळाच्या पायऱ्यांवर, धर्मशाळेच्या दारावर, दवाखान्याच्या भिंतीवर देणाऱ्यांची नावे कोरलेली असतात. कोणी कशासाठी दिले, कोणाच्या स्मरणार्थ दिले आणि किती दिले, हे सारे तेथे वाचता येते. ज्याने एकदा दिले आहे तो पुन्हा देण्याचा संभव, ज्याने कधीच दिले नाही त्याच्याहून अधिक असतो. आणि आईच्या स्मरणार्थ पाणपोई बांधणारा माणूस काय मनाचा आहे, हे त्या पाटीवरून कळते.

दुसरी खाण म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. चाळीस वर्षांपूर्वीची पाने उलटा. एखादा मुलगा आज पुण्यात कारखाना चालवतो आहे, एखादी मुलगी मुंबईत शल्यविशारद आहे, कोणी आखातात आहे, कोणी अमेरिकेत. त्यांची आजची खबर गावातल्या जुन्या शिक्षकाला, पोस्टमनला, वर्गमित्राला असते. तिसरे साधन म्हणजे संस्थेचे जुने अहवाल आणि पावतीपुस्तकांची स्थळप्रत. वीस वर्षे न चुकता दरसाल शंभर रुपये पाठवणारा एखादा निवृत्त कारकून त्यात सापडतो. त्याने आपले घर किंवा ठेव मृत्युपत्राने संस्थेला द्यावी, असे त्याच्या मनात असू शकते. पण त्याला कोणी भेटायलाच गेलेले नसते!

चौथे साधन अलीकडच्या काळातले. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामाला लावायचे असतात. शिक्षण हे त्यात बसते आणि कंपनीचे काम जेथे चालते त्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. कोठे किती खर्च केला, ते कंपनीला आपल्या वार्षिक अहवालात छापावे लागते. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत अशी कंपनी असेल, तर तिचा अहवाल मिळवून वाचा. ती शाळांना स्वच्छतागृहे देते की शिष्यवृत्त्या देते, हे पाहून मगच अर्ज करा. मात्र असा पैसा घेण्यासाठी आपल्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे आधी नोंदणी झालेली असावी लागते.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांविषयीही एक सावधगिरी सांगतो. ज्याच्याजवळ भारताचे पारपत्र आहे, त्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा वेगळा आणि ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याचा पैसा वेगळा. हा दुसरा पैसा कायद्याने परकीय देणगी ठरतो आणि २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याखेरीज तो घेता येत नाही. माणूस आपल्याच आळीतला असला तरी नियम तोच. म्हणून त्याच्या माहितीत हेही लिहून ठेवलेले बरे.

लिहून ठेवण्यावरून आठवले. आपल्या संस्थांचे मोठे दुखणे असे की, सारी माहिती एखाद्या जुन्या चिटणिसाच्या डोक्यात असते. कोण कोणाचा मेहुणा, कोण कोणाच्या शब्दाखातर देतो, हे सगळे त्यांना तोंडपाठ. एक दिवस ते निवृत्त होतात किंवा देवाघरी जातात आणि त्यांच्याबरोबर संस्थेची निम्मी पुंजी जाते. म्हणून दर माणसामागे एक कार्ड किंवा वहीचे एक पान करा. संगणक असेल तर त्यात ठेवा. नसेल तर दोनशे पानी वही पुरते. वर नाव, पत्ता, गाव. खाली संस्थेशी नाते काय: स्वतः शिकला, मुले शिकली, की वडील येथे शिक्षक होते? आजवर कोणाला काय दिले? कोणत्या कामाची आवड दिसते? आपल्यापैकी त्याला कोण ओळखतो? आणि शेवटी सर्वांत महत्त्वाच्या दोन ओळी. मागची भेट केव्हा झाली व काय बोलणे झाले. पुढची गोष्ट काय करायची, कोणी आणि केव्हा. पुढच्या कामाची तारीख नसलेले कार्ड म्हणजे पेरणी न झालेले शेत.

दोनशे नावे जमली म्हणून दोनशे दारे ठोठावायची नाहीत. त्यांतून वीस निवडा. त्या विसांतून या वर्षी पाचांकडे नीट लक्ष द्या. आणि एका माणसामागे एकच कार्यकर्ता ठेवा. नाहीतर काय होते? सोमवारी प्राचार्य ग्रंथालयासाठी मागून येतात, बुधवारी क्रीडाशिक्षक मैदानासाठी जातात आणि शनिवारी स्नेहसंमेलनाची पोरे पावतीपुस्तक घेऊन हजर! ज्याच्याकडून पाच लाख मिळायचे, त्याला पाचशे रुपये देऊन सुटका करून घेण्याची वाट आपणच दाखवतो.

आता एक नाजूक गोष्ट. माहिती जमवायची ती किती आणि कोणती? एखाद्याच्या घरातले भांडण, त्याचा आजार, त्याचे कर्ज, त्याची जात, असल्या गोष्टी कार्डावर लिहायच्या नाहीत. खाजगी माहितीच्या रक्षणासाठी आपल्या देशात २०२३ साली कायदाही झाला आहे. पण कायद्याआधी मर्यादा असते ती सभ्यतेची. मी एक साधी कसोटी लावतो. ते कार्ड उद्या खुद्द त्या गृहस्थांच्या हाती पडले, तर आपल्याला मान खाली घालावी लागेल का? लागणार असेल तर ती ओळ खोडा. आता कोणी म्हणेल, शेठजींच्या मुलीचे दुःख हीसुद्धा खाजगी गोष्टच नव्हे का? होय. ती कार्डावर चढवून तिचा भाव करायचा नव्हता. ती जाणून घ्यायची होती, ती अशासाठी की आम्ही नकाशा घरी ठेवून नुसते भेटायला गेलो असतो.

चौकशी देणाऱ्याच्या पैशाचीही करावी लागते. अमेरिकेत येल नावाचे प्रख्यात विद्यापीठ आहे. त्याच्या नावाचा धागा आपल्या मद्रासशी जुळतो. एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा तो गव्हर्नर झाला आणि १६९२ साली खाजगी व्यापाराच्या आरोपांवरून त्याला त्या जागेवरून काढले. गडगंज होऊन तो लंडनला परतला. त्याचा जन्म अमेरिकेतल्या बोस्टनचा, हे तिकडच्या एका लहानशा, गरीब कॉलेजच्या हितचिंतकांनी हेरले. १७१८ साली त्याला पत्र गेले की, आपले नाव या कॉलेजला देता येईल. त्याने मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तके आणि राजाची एक तसबीर पाठवली. माल विकून साडेपाचशे पौंडांहून अधिक रक्कम आली आणि कॉलेजला त्याचे नाव पडले. शोध कसा करावा याचा हा उत्तम नमुना आहे. पण मद्रासच्या गुलामांच्या व्यापाराशीही त्या माणसाचा संबंध होता. तीनशे वर्षांनंतर, २०२४ साली, गुलामगिरीशी असलेल्या आपल्या जुन्या संबंधांबद्दल त्या विद्यापीठाला जाहीर माफी मागावी लागली. नऊ गठ्ठ्यांचे पैसे केव्हाच खर्च झाले. नाव मात्र राहिले. तेव्हा पाटी कोरण्याआधी पैसा कोठून आला, हे विचारणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान नव्हे. तशीच अटींची गोष्ट. माझ्या भाच्याला नोकरी द्या, माझ्या नातवाला प्रवेश द्या, अशा अटीने येणारा पैसा देणगी नसतो. तो सौदा असतो. त्याला नम्रपणे नकार द्यावा.

दुसऱ्या बाजूने, चांगली देणगी चालून आली असता ढिलाईही नको. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आपण पाहिला असेल, निदान चित्रात तरी. १८६४ साली प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. राजाबाई हे त्यांच्या मातोश्रींचे नाव. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैशाचा पूर होता. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि खुद्द प्रेमचंदांनाही जबर फटका बसला. मनोरा पुरा झाला तो १८७८ साली. विचार करा, विद्यापीठाने "पुढच्या वर्षी पाहू" म्हटले असते तर? शब्द मिळाला की तो कागदावर घ्या. रक्कम किती, हप्ते किती, कोणत्या कामासाठी, नाव काय द्यायचे, सारे स्पष्ट लिहा. सर विठ्ठलदास १९२० साली बोलले आणि १९२२ साली वारले. माणूस जातो, त्याच्यामागे कागद आणि संस्था उरतात. मोठी रक्कम शक्यतो कायम निधीत ठेवा. पंधरा लाखांवर साडेतीन टक्के व्याज धरले, तर वर्षाला साडेबावन्न हजार होतात. मुद्दल शाबूत ठेवून गाडा चालतो तो असा. आणि देणगी बँकेमार्फतच घ्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, हे देणाऱ्यालाही सांगा.

मोठ्यांच्या मागे लागून लहानांना विसरू नका, हे तर सांगायलाच हवे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, ती घराघरांतल्या मूठभर धान्यावर उभी राहिली. मूठभर ज्वारी देणारी माउली ही काही मोठी देणगीदार नव्हे. पण तिच्या मुठीमुळे संस्था लोकांची आहे हे सिद्ध होते आणि ते पाहूनच मोठा देणगीदार पुढे येतो. कर्व्यांनीही आयुष्यभर लहानमोठा असा भेद केला नाही. एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, ते युरोप, अमेरिका, जपानच्या प्रवासाला निघाले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस आफ्रिकेला गेले आणि तेथल्या आपल्या लोकांना भेटून विद्यापीठाचे काम सांगितले. पंधरा लाखांचा शब्द मिळाल्यावर नऊ वर्षांनी हे गृहस्थ पुन्हा झोळी घेऊन हिंडत होते!

आणि देणगी मिळाल्यावर काय? आपल्याकडे हार घालतात, फोटो काढतात, पाटी बसवतात आणि पुढचे मागणे येईपर्यंत त्या माणसाला विसरतात. खरे काम तेथून सुरू होते. पावती त्याच आठवड्यात गेली पाहिजे. वर्षाच्या शेवटी एक पानभर पत्र गेले पाहिजे की, आपल्या पैशातून हे हे झाले, इतकी मुले शिकली, एवढी रक्कम शिल्लक आहे. एखाद्या विद्यार्थिनीने स्वतःच्या अक्षरात लिहिलेले पत्र सोबत असेल तर उत्तमच. काम रखडले असेल तर तेही कळवावे. ज्यांनी नकार दिला, त्यांच्याही कार्डावर तो सरळ लिहून ठेवा आणि भेट दिल्याबद्दल आभाराचे पत्र पाठवा. आजचा नकार हा बहुधा त्या कामाला किंवा त्या वेळेला असतो. संस्थेला असतोच असे नाही.

आता त्या शेठजींची गोष्ट पुरी करतो. त्या भेटीनंतर मी शाळेची जुनी कपाटे उपसली. आमच्या शाळेत दरसाल एक हस्तलिखित निघत असे. त्यातल्या एका अंकात त्या मुलीचा निबंध सापडला. पावसाळ्यात आजोळाहून शाळेला येतानाच्या वाटेवर तिने लिहिला होता. वर्षभराने मी एकटाच शेठजींकडे गेलो. पावतीपुस्तक नेले नाही. "मागच्या वेळी चुकलो," म्हणालो आणि हस्तलिखित त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी ते उभ्यानेच वाचायला घेतले. मग खाली बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "गुरुजी, आता मुली कशा येतात हो कॉलेजला?" मी होते तसे सांगितले. तास तीनला सुटतात, गाडी साडेपाचला. तोवर मुली स्टँडावर बसून असतात. घरची माणसे कुरकुर करतात आणि दुसऱ्या वर्षी काही मुली यायच्या बंद होतात. शेठजी काही बोलले नाहीत. मी चहा घेऊन निघालो.

दोन महिन्यांनी दिवाणजी कॉलेजात आले, ते जागा पाहायला. मुलींसाठी वाचनाची एक मोठी खोली, शेजारी स्वच्छतागृह आणि पुस्तकांसाठी दरसाल ठरावीक रक्कम, अशी ती देणगी होती. विज्ञानशाखेच्या इमारतीला मात्र शेठजींनी पुढेही काही दिले नाही. तो त्यांचा विषयच नव्हता. तो आमचा होता, आणि आम्ही तो त्यांच्या गळ्यात बांधायला निघालो होतो.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, आपण रोज हजेरी घेतो. त्या हजेरीतल्या प्रत्येक नावामागे एक घर असते. त्यांतले कोणते घर पुढे संस्थेचा आधार होईल, हे आज सांगता येत नाही. पण ती माणसे आपल्या ओळखीची असावीत, त्यांच्या सुखदुःखाला संस्थेकडून दोन शब्द जावेत, एवढे तर आपल्या हाती आहे. उद्या शाळेत गेलात की जुने रजिस्टर एकदा उघडून पाहा. देणगीसाठी नव्हे, आधी ओळखीसाठी.